आंदणातलं मशीन

चिंतामण सरांनी आयुष्यात कुठलीही वस्तू घाईनं घेतली नाही. प्रेशर कुकर घ्यायचा होता तेव्हा ते आधी आळीतल्या घरोघरी जाऊन शिट्ट्या ऐकून आले होते. पंखा घेताना दुकानदाराला त्यांनी पात्यांचा कोन विचारला, आणि तेव्हापासून बुलडाण्याच्या बाजारात सर दिसले की तो माणूस दुकानाच्या आत जाऊन बसायचा. सर शाळेत विज्ञान शिकवायचे. वस्तू पारखून घ्यावी हा त्यांचा धर्म. माणसं पारखायचं मात्र त्यांनी कधी मनावर घेतलं नाही.

शहाऐंशी साली थोरल्या नीरजाचं लग्न डोणगावच्या महादेवरावांच्या गोकुळशी ठरलं. बाप आडत्या, घर भरलेलं, पोरगा दिसायला देखणा. बैठकीत महादेवराव म्हणाले की आम्हाला हुंडा नको, देवाच्या दयेनं सगळं आहे, कलर टीव्ही पण घरात आहे, पोराच्या हौसेसाठी एक व्हीसीआर तेवढा द्या. सरांना हायसं वाटलं. हुंड्याविरुद्ध त्यांनी शाळेत भाषणं केली होती. पण व्हीसीआर म्हणजे काही हुंडा नव्हे, ते तर विज्ञान, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. अडचणीत सापडलेला शहाणा माणूस स्वतःला काय वाटेल ते पटवून देऊ शकतो.

मग सर कामाला लागले. व्हीसीआर दोन जातींचे असतात, एक बीटा आणि एक व्हीएचएस, एकाची कॅसेट दुसऱ्यात जात नाही, हे त्यांना अकोल्याच्या दुकानात कळलं. झालं, सरांना विषय मिळाला. माहितीपत्रकं गोळा झाली. खामगावला एका जिनिंगवाल्याच्या घरी दोन्ही मशीनं होती, तिथं ओळख काढून सर गेले, एकच सिनेमा दोन्हीवर लावायला लावला आणि पडद्याला नाक लावून बसले. बीटाचं चित्र साफ होतं. नटीच्या साडीचे काठ वेगळे दिसत होते. व्हीएचएसवर सगळं जरा धुवून वाळत घातल्यासारखं दिसायचं. त्यांच्या पत्नीनं, सिंधूताईंनी एवढंच विचारलं होतं, की जावयांना कुठलं हवंय ते एकदा विचारून तर घ्या. सर हसले. उत्तम वस्तू द्यायची तर त्यात विचारायचं काय?

लग्नात आंदण मांडलं, त्यात मधोमध बीटा. त्यावर हळदकुंकवाची बोटं ओढलेली. सर अक्षता पडेपर्यंत मशीनजवळ उभे राहून पाहुण्यांना दोन पद्धतींतला फरक समजावत होते. पाहुणे मान डोलवत होते आणि पंगत कधी बसते ते बघत होते.

गोकुळला हौस नव्हती, धंदा करायचा होता. आजूबाजूच्या गावांत टीव्ही-व्हीसीआर नेऊन तिकिटावर सिनेमे दाखवायचे, हे त्याच्या डोक्यात होतं. तो मेहकरच्या कॅसेट लायब्ररीत गेला तर तिथं भिंतभर व्हीएचएस. बीटाचं नाव काढल्यावर मालक हसला, म्हणाला ते आता कोणी ठेवत नाही. गोकुळ चारचौघांत हसं करून घेऊन घरी आला आणि मशीनवर क्रोशाचं झाकण पडलं ते पडलंच. त्या दिवसापासून नीरजाला सासूची, सोजराबाईंची बोलणी सुरू झाली. सून भाकरी थापत असली तरी मशीन, पाणी भरत असली तरी मशीन. बापानं मुकं मशीन दिलं आणि पोरगी तेवढी तोंडाळ दिली, असं त्या आल्यागेल्याला सांगायच्या.

दिवाळसणाला नीरजा माहेरी आली तेव्हा तिनं हे सगळं हसत हसतच सांगितलं, पण ताटातलं अर्धं तसंच ठेवलं. सरांना मनापासून वाईट वाटलं. ते म्हणाले की दोष मशीनचा नाही, कॅसेटी मिळत नाहीत हा प्रश्न आहे आणि प्रश्नाला उत्तर असतं. अकोल्याला दोन खेपा घालून त्यांनी पिशवीभर बीटा कॅसेटी मिळवल्या आणि एसटीनं डोणगावला नेऊन दिल्या. सगळे जुने सिनेमे. गोकुळनं पिशवी उघडून पाहिली, बंद केली आणि सासऱ्याला चहा विचारला. सर परत गेल्यावर त्यानं बायकोला पहिल्यांदा मारलं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरं काय.

उन्हाळ्यात एका दुपारी नीरजा एकटीच एसटीनं आली. सोबत सामान नव्हतं. डावा हात कोपरापासून सुजलेला, तो पदराखाली धरलेला. सिंधूताईंनी तिला आत नेलं आणि थोड्या वेळानं बाहेर येऊन नवऱ्याला म्हणाल्या, "आत या. नुसतं ऐकू नका, डोळ्यांनी पाहा."

सरांनी पाहिलं. नीरजाच बोलली.

"बाबा, मले परत नका पाठवू."

"मी मशीन बदलून आणतो," सर म्हणाले. "चूक माझी आहे. मीच विचारलं नाही."

"मशीनचं नाही हो बाबा. मशीन त्याच्या मनासारखं असतं तरी त्यानं हात उचलला असता. साडीच्या रंगावरून उचलते, भाजीतल्या मिठावरून उचलते. मशीन तर नुसतं निमित्त हाय."

एवढं स्वच्छ कोणी सांगितलं तर दगडालाही समजावं. सरांनाही समजलं, निदान क्षणभर तरी समजलं असणार, कारण ते भिंतीला टेकले. पण मग त्यांच्या डोक्यानं वळण घेतलं. चूक मशीनची असेल तर ती दुरुस्त होते. ती आपली चूक, आपणच निस्तरू, संपलं. चूक मशीनची नसेल तर मग ही पोरगी घरात राहणार, लोक विचारणार, धाकट्या अश्विनीला स्थळ येताना अडणार, आणि आपण स्वतःच्या हातानं तिला कुठं दिलं याचं उत्तर रोज सकाळी द्यावं लागणार. या दोन्हींत सरांनी आपल्याला झेपेल तेच खरं मानलं. मला त्यांचा राग येतो, पण असं करणारे ते एकटे नव्हते.

सिंधूताई दोन दिवस भांडल्या. राहू द्या तिला, म्हणाल्या, दोन घास कमी खाऊ. सर म्हणत राहिले की एकदा, शेवटचं, मला माझी चूक सुधारू दे. सर अकोल्याला जाऊन व्हीएचएस घेऊन आले. बीटा डोणगावलाच होता, तो कोणी बदलून घेणार नव्हतंच.

बुलडाण्याहून चिखली, चिखलीहून मेहकर, तिथून डोणगाव. खिडकीशी नीरजा, तिच्या शेजारी सर आणि सरांच्या मांडीवर खोकं. गाडी खड्ड्यात आदळली की सर दोन्ही हातांनी खोकं सावरायचे. शेजारी पोरगी दुखऱ्या हातानं समोरची दांडी धरून बसली होती. मेहकरच्या स्टँडवर त्यांनी तिला उसाचा रस घेऊन दिला आणि सांगितलं की आता बघ, सगळं सुरळीत होईल. तिनं रस प्यायला.

डोणगावला त्यांचं स्वागत झालं. महादेवराव उठून पुढं आले, सोजराबाईंनी पाय धुवायला पाणी दिलं. नीरजा एवढे दिवस कुठं होती, का गेली होती, हे कोणी विचारलं नाही. ती सरळ स्वयंपाकघरात गेली. सरांनी स्वतः खोकं उघडलं, वायरी जोडल्या, टीव्हीचं चॅनल लावलं. गोकुळनं मेहकरहून आणून ठेवलेली कॅसेट आत सरकवली आणि चित्र आलं. आवाज खणखणीत. महादेवरावांनी सरांच्या खांद्यावर हात ठेवला. शेजारपाजारचे लोक दारात येऊन उभे राहिले. सरांच्या छातीवरचं ओझं उतरलं, आणि ते त्यांनी मोकळेपणानं बोलूनही दाखवलं, की आज मला फार बरं वाटतंय.

सिनेमा चालू असतानाच गोकुळ सरकून त्यांच्याजवळ बसला. सासऱ्याशी तो इतक्या गोडीनं कधीच बोलला नव्हता.

"मामाजी, एका मशीननं काय होते? अजून एक पाह्यजे. एकावर कॅसेट लावाची, दुसऱ्यावर उतरवाची, अन् ते इकाची. धंदा तर त्याच्यातच हाय. दिवाळीपर्यंत पाहा तुमी."

नीरजा चहाचे कप घेऊन दारात आली होती. तिनं ते ऐकलं आणि ती थांबली. बाप आता काय बोलतो याकडं तिचं लक्ष होतं. गाडीत ती बोलली नव्हती, घरी शेवटचे दोन दिवस बोलली नव्हती, पण या क्षणी तिनं बापाकडं सरळ पाहिलं.

सरांनी चष्मा वर केला. प्रश्न त्यांच्या विषयातला होता.

"मेहकरहून येणारी कॅसेट व्हीएचएस, तुम्ही विकणार तीही व्हीएचएस," ते म्हणाले. "म्हणजे दुसरं मशीनही व्हीएचएसच लागेल. आणि या खेपेला आधी तुम्हाला विचारूनच घेतो. मागच्यासारखं नाही करणार."

गोकुळ हसला. महादेवरावही हसले, म्हणाले की व्याही असावा तर असा. सरही त्यांच्यात हसले. आपण चुकीतून शिकलो याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. नीरजानं कप एकेकाच्या हातात दिले, बापाला शेवटचा दिला आणि ती आत गेली.

गाडीची वेळ झाली तेव्हा ती अंगणापर्यंत आली, वाकून पाया पडली. सरांनी विचारलं, आता बरं वाटतंय ना. ती हो म्हणाली. मग हळूच म्हणाली, "बाबा, आता तुम्ही येत नका जाऊ."

सरांना भरून आलं. बुलडाण्याला पोचल्यावर त्यांनी सिंधूताईंना सगळं सांगितलं, मशीन कसं पहिल्याच झटक्याला लागलं, महादेवराव काय म्हणाले, जावई किती जवळ येऊन बसले. "आणि पोरगी बघ," ते म्हणाले, "एसटीत बसून माझे पाय दुखतात म्हणून तिला किती काळजी. एवढ्या लांब येत नका जाऊ म्हणाली."

सिंधूताई भाजी निवडत होत्या. त्यांचा हात थांबला. त्यांनी नवऱ्याला ते वाक्य पुन्हा एकदा सांगायला लावलं, जसंच्या तसं. सरांनी सांगितलं. मग त्या देवघराकडं तोंड करून रडायला लागल्या, आणि काय झालं, काय झालं, असं सर त्यांना विचारत राहिले.