स्वच्छ प्रत

लता गांगुर्डे हॉलमध्ये शिरली तेव्हा यज्ञेश्वरपंत पाराशरे टेबलावर वाकून फुंकर मारत होते. खोडरबराचा काळपट चुरा उडून त्यांच्याच धोतरावर पडत होता.

"या बाई, वेळेवर आलात," ते मान चोळत म्हणाले. "सकाळपासून बसलोय. पण एकेक चित्र कसं निघालंय बघा. कोरं करकरीत!"

लताने वरचं चित्र उचललं. खिडकीशी पाठमोरी बसलेली बाई, निळ्या आणि विटकरी रंगात. बाई जागेवर होती, खिडकी जागेवर होती. पण काल चित्रांची पेटी उघडली तेव्हा खालच्या पांढऱ्या पट्टीत डावीकडे क्रमांक होता आणि उजवीकडे सही होती, दोन्ही पेन्सिलीने. आता तिथे कागदाची लव तेवढी उभी राहिली होती.

"नाना, इथलं काय केलंत?"

"तेच तर सांगतोय. सगळ्यांवर कुणीतरी पेन्सिलीने गिरगटून ठेवलेलं! उद्या फ्रान्सचा साहेब येणार, गाव येणार. म्हटलं, आपल्या हॉलात असा माल लागायचा नाही."

लताने दुसरं चित्र उचललं, तिसरं उचललं. पुढे मोजायची तिची छाती झाली नाही. कडेच्या खुर्चीवर तीन चित्रं वेगळी पडली होती. त्यांच्यावरच्या सह्या वाचल्या होत्या, कारण नानांना मध्ये चहा आला होता.

नानांना गावात कुणी वाईट म्हणत नसे, आणि त्याला कारणही होतं. पाराशरे प्रेसचं पंचांग घराघरात लागे, पंचवटीतल्या अर्ध्या लग्नांच्या पत्रिका तिथूनच निघत. कलामंडळाचे ते अध्यक्ष होते, लताच्या शाळेच्या कमिटीवरही होते. उपकार करायची त्यांना मनापासून हौस. फक्त केलेला उपकार ते विसरत नसत, आणि समोरच्यालाही विसरू देत नसत. प्रेसमध्ये त्यांचा एक नियम होता, आणि तो मोडला म्हणून त्यांनी जुने जुने कंपोझिटर घरी बसवले होते. मुद्रितं तपासणाऱ्याने पेन्सिलीने केलेली खूण गिऱ्हाइकाच्या नजरेला पडता कामा नये. गिऱ्हाइकाला जायची ती स्वच्छ प्रत.

तोच नियम त्यांनी एतिएन वासोर नावाच्या फ्रेंच चित्रकारावर चालवला होता.

"ती गिरगट नव्हती, नाना. सही होती. चित्रकाराची."

"सही?" नाना हसले. "अहो, छापील चित्रावर सही कशाला? कॅलेंडरवर सही असते का?"

"हे कॅलेंडर नाही. वासोरने स्वतः दगडावर काढलं, स्वतः उभं राहून छापून घेतलं. थोडेच कागद काढले, प्रत्येकाला नंबर दिला, सही केली आणि मग दगड घासून टाकला. म्हणून याला ओरिजिनल म्हणतात."

"ओरिजिनल म्हणता आणि छापील म्हणता! दोन्ही एका तोंडाने कसं म्हणता तुम्ही?"

"नाशिकात राहून असं विचारता? नाशिकरोडला नोटा छापतात, त्या छापीलच ना? त्यांच्यावरचा नंबर पुसाल का खोडरबराने?"

"नोटेवर पेन्सिलीने नंबर टाकतात का, बाई?" नानांनी बिनतोड सवाल टाकला आणि दाद मिळावी म्हणून मागे पाहिलं.

मागे मंडळाचे चिटणीस वेणीमाधव उभे होते. ते दाद द्यायलाच उभे असत. पण या वेळी त्यांचा चेहरा उतरला होता, कारण पेटी ताब्यात घेतल्याच्या कागदावर त्यांनी सही केली होती. "बाई, म्हणजे हे... भारी प्रकरण आहे का?"

"भारी आहे," लता म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. राग आला की तो खाली जायचा, आणि तिच्या वर्गातल्या मुली तेव्हाच जास्त घाबरत.

ही चित्रं नाशिकला यायचीच नव्हती. मुंबईची एक फ्रेंच संस्था ती मोठ्या शहरांतून फिरवत होती. लताने वर्षभर पत्रं लिहून, दोनदा मुंबईला खेटे घालून ती ओढून आणली होती. 'नकला नकोत, मूळ चित्रंच पाठवा, आमच्या गावाने एकदा तरी खरं बघावं,' हे तिचं वाक्य. त्यात तिचा स्वार्थही होता, आणि तो ती लपवत नव्हती. नानांच्या गोदामात एक जुना शिळाप्रेस धूळ खात पडला होता. दगडावर चित्र काढून छापायचं हाताचं यंत्र. पूर्वी त्यावर सिन्नरच्या विड्यांची लेबलं निघत. मुंबईच्या कलाशाळेत लता हेच शिकली होती. नाशिकला परतल्यापासून मात्र दगड काही तिच्या हाताखाली आला नव्हता. ती मुलींना मडकं, केळं आणि वाटी शिकवत होती. मंडळाच्या सभेत नाना सगळ्यांसमोर म्हणाले होते, "प्रदर्शन पार पडू द्या. मशीन बाईंच्या शाळेला दिलं." त्या दिवसापासून लता रोज मनातल्या मनात त्या मशीनला तेल देत होती.

"मग साहेबाला सांगू या ना, चुकून झालं म्हणून," ती म्हणाली. "मी सांगते. आजच ट्रंककॉल लावू."

"चुकून?" नानांचा चेहरा पालटला. "चाळीस वर्षं छपाईत घालवली मी. उद्या पेपरात येईल, पाराशऱ्यांना छपाई कळत नाही म्हणून. ते जमायचं नाही. चिटणीस, या माणसाला चित्रं पाठवून परत सही आणता येईल का?"

"तो गेला, नाना," लता म्हणाली. "चार वर्षं झाली."

"मेला?" नानांना एकदम हायसं वाटलं, आणि ते त्यांनी लपवलंही नाही. "मग विचारतंय कोण?"

वेणीमाधवांना तेवढ्यात कल्पना सुचली. त्यांना वर्षातून एखादी सुचे, आणि ती अशा वेळी सुचे. त्यांनी खुर्चीवरची तीन चित्रं उचलून लतापुढे मांडली. "बाई, नमुना तर समोर आहे. तुमचं अक्षर सोन्यासारखं. नंबर काय, ओळीने टाकता येतील. बसा पंख्याखाली, मी चहा सांगतो."

लताला आधी नीट कळलंच नाही. कळलं तेव्हा नानांनी पेन्सिलीला टोक काढून तिच्यापुढे धरली होती.

"सही म्हणजे काय, तीन वळणं आहेत," नाना समजावू लागले. "हे बघ पोरी, तू आमच्या घरच्यासारखी. सोमवारी हमाल लावतो आणि मशीन शाळेत आणून टाकतो. दगडांसकट."

दगडांसकट. हा शब्द नानांनी नेमका वापरला. माणसाची नस कुठे असते ते त्यांना ठाऊक होतं.

आणि लताने पेन्सिल घेतली. टेबलावरच्या रद्दी कागदावर तिने एकदा, फक्त हात कसा वळतो ते बघायला, वासोरची सही काढली. पहिल्याच फटक्यात उतरली. शेवटच्या अक्षराचा खाली ओढलेला फाटासुद्धा.

"हुबेहूब!" वेणीमाधव ओरडले. "नाना, बघा! हुबेहूब!"

तिच्या कानशिलात रक्त चढलं. इतकी वर्षं या मंडळाला ती आपली चित्रं दाखवत होती. 'बरं आहे, हात चालू ठेवा,' यापलीकडे कुणी गेलं नव्हतं. आज पहिल्यांदा टाळी पडली, तीही चोरीला. तिने कागद चुरगळून मुठीत धरला.

"मी हे करणार नाही."

"का?" नानांना खरंच आश्चर्य वाटलं. "आत्ता तर छान केलंत."

"मेलेल्या माणसाची खोटी सही करायची? तुमच्या पत्रिकेवर मी दुसऱ्याचा मुहूर्त छापला तर चालेल?"

"तोंड सांभाळून बोला, बाई." नाना पुन्हा 'बाईं'वर आले. "या मंडळाने तुम्हाला काय दिलं नाही? तुमच्यासारख्यांना स्टेजवर बसवलं, हार घातले..."

"माझ्यासारख्या म्हणजे कशा?"

वेणीमाधव खिडकीबाहेर असं काही निरखू लागले की जणू गोदेला पूर आला होता.

"म्हणजे... नवोदित," नाना म्हणाले.

"असं होय," लता म्हणाली. "सहा वर्षं झाली, अजून उदय व्हायचाच आहे."

"ठीक आहे. नका करू. सह्या नसतातच म्हणून सांगू. ही तीन चित्रं पेटीतच राहू देत, बाकीची लावू. मशीनचं मग बघू." 'मग बघू'चा अर्थ नाशिकमध्ये लहान पोरालाही कळतो. "चित्रांखालच्या पाट्या लिहिणार होतात, तेवढं तरी करा."

"करते," लता म्हणाली. "पाट्या मी लिहिते. पण ती तिन्हीसुद्धा भिंतीवर लागतील. नाहीतर तुम्हीच लावा सगळं, खिळे कुठे ठोकायचे ते ठरवून."

खिळे कुठे ठोकायचे हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. म्हणून ते कबूल झाले.

घरी पुठ्ठ्याचे तुकडे पसरून ती लिहायला बसली. आई, विठाबाई, शेंगा सोलत बराच वेळ बघत राहिली. "काय लिहितेस एवढी दात खाऊन?"

लताने वाचून दाखवलं. विठाबाईच्या हातातली शेंग थांबली.

"मशीन जाईल मग."

"जाईल."

"लय दिवस वाट बघितलीस त्याची." आईने शेंग फोडली. "नोकरीवर नाय ना येणार?"

"माहीत नाही."

"बरं. लिहायचंच तर मोठं लिही. म्हाताऱ्या माणसांना बी दिसलं पाहिजे."

दुसऱ्या दिवशी साहेबाची गाडी दारात लागली, तेव्हाच लताने पाट्या लावल्या. वेणीमाधव हार घेऊन धावताना एका पाटीपाशी अडखळले, वाचलं, आणि हारासकट तिथेच उभे राहिले. पण तोवर फीत कापली गेली होती.

प्रत्येक पाटीवर चित्राचं नाव होतं. त्याखाली ठसठशीत अक्षरांत: 'या चित्रावर चित्रकाराने पेन्सिलीने सही केली होती व क्रमांक घातला होता. प्रदर्शनापूर्वी मंडळाने ते पुसले.' सही वाचलेल्या तीन चित्रांखाली: 'सही अशी असते.'

कॉलेजची पोरं, पंचवटीतली पागोटी, शाळेच्या शिक्षिका, सगळे आधी चित्रं सोडून पाट्याच वाचू लागले. मग नाकं कागदाला लावून पुसलेल्या जागा शोधू लागले. "इथं दिसतंय बघ जरा." "कुठं?" "अरे, उजेडाकडून बघ." नाशिककरांनी आजवर कुठलंच चित्र इतक्या जवळून पाहिलं नसेल.

साहेब उंच, किरकोळ अंगाचा, थकलेला. मराठी 'नमस्कार'पुरती. पाटीवर काय आहे ते त्याने लताला इंग्रजीत विचारलं. तिने सांगितलं. त्याने चष्मा काढला, कागदावर तिरकं पाहिलं, पुढच्या चित्राकडे गेला, त्याच्या पुढच्या. मग हॉलाकडे वळून म्हणाला, "हू डिड धिस?"

नानांना वाटलं, मांडणीचं कौतुक चाललंय. हात जोडून ते पुढे झाले. "मायसेल्फ, सर. पर्सनली."

कुणीतरी हसलं. नानांनी तेव्हा पहिल्यांदा पाटी वाचली. वाचताना त्यांचे ओठ हलत होते. मुद्रितं तपासायची सवय. मान वर केली तेव्हा त्यांनी साहेबाकडे पाहिलं नाही, लताकडे पाहिलं.

साहेबाने सगळं उतरवून पेटीत भरायला सांगितलं, आत्ता, लगेच. मग तो लताला म्हणाला, "चूक आमची. अशा गावांना पुढच्या वेळी नकलाच पाठवायला हव्यात."

नानांवर रागावताना तिचा आवाज खाली गेला होता. या वाक्याला तो चढला.

"गावाने पुसलं नाही, साहेब," ती इंग्रजीत म्हणाली, जमेल तशा. "एका माणसाने पुसलं. गाव तिथे उभं राहून वाचतंय. आणि तुमच्या पेटीत खिळे होते, सुतळी होती, पण काय पुसू नये हे सांगणारी एक चिठ्ठी होती का? आम्हाला जन्मतःच माहीत असावं, असं तुम्हाला वाटलं?"

साहेबाने मनगटावरचं घड्याळ पाहिलं. त्याला मुंबईची गाडी गाठायची होती.

मशीन सोमवारी हललं, पण शाळेकडे नाही. मालेगावचा एक भंगारवाला ट्रक घेऊन आला होता. लताला हे शाळेतच कळलं. ती मधल्या सुट्टीत गोदामापाशी आली. नाना सावलीत खुर्ची टाकून बसले होते.

"अजून वेळ आहे, बाई," ते शांतपणे म्हणाले. "उद्या पेपरात दोन ओळी द्या. गैरसमजातून पाट्या लागल्या म्हणून. ट्रक परत पाठवतो."

"गैरसमज कुणाचा झाला, नाना?"

"कुणाचाही. ते लिहायची गरज नाही."

"मला तेवढंच लिहायची गरज आहे."

नानांनी हमालांना हात केला. चौघांनी मशीनला खांदा लावला. खंडेराव नावाच्या त्यांच्या मुकादमाने मोठ्या चाकाला दोर बांधला आणि 'ओढा' म्हणाला. जुनं बिडाचं लोखंड कुरकुरलं. ट्रकला लावलेली फळी वाकली.

"चाकाला नको!" लता ओरडली. "आस तुटेल. दोर सोडा. खालच्या लोखंडी पाटाला धरा, पाटाला!"

खंडेरावने घाम पुसत विचारलं, "बाई, तुमचं मशीन हाय का?"

"नाही," ती म्हणाली. पदर खोचून ती फळीपाशी गेली आणि हात लावून दाखवू लागली. "तुम्ही दोघं या बाजूने या. हळू. आता उचला."