रुळलेली मुलं

थोरल्या सिस्टरांच्या वॉर्डात टाचणी पडली तरी ऐकू आली असती, आणि टाचणी पाडायची तिथे कुणाची छाती नव्हती. लहान मुलांचा वॉर्ड आणि एवढी शांतता, हे पाहून पाहुणे चक्रावून जायचे. दुसऱ्या इस्पितळांतल्या नर्सेस मुद्दाम शिकायला यायच्या. थोरल्या सिस्टर त्यांना दोन रांगांमधून फिरवायच्या, एकसारख्या ताणलेल्या चादरी दाखवायच्या आणि चष्मा वर सरकवत म्हणायच्या, "यात जादू काही नाही हो. नियम पाळले की मुलं रुळतात."

'रुळणं' हा त्या वॉर्डातला खास शब्द होता. मूल दाखल झालं की आईबापांनी दारातूनच मागे फिरायचं. भेट फक्त रविवारी, तीही तासभर. सुरुवातीला मूल आकांत करायचं, मग नुसतं मुसमुसायचं, मग दाराकडे टक लावून पडायचं, आणि एक दिवस दाराकडे बघणंही सोडायचं. मग रविवारी आई आली तर तिच्या हातातलं खेळणं घ्यायचं आणि ती निघाली तरी मान वळवायचं नाही. असं झालं की नर्सेस एकमेकींना सांगायच्या, "सात नंबर रुळला गं!" आणि थोरल्या सिस्टरांचा चेहरा खुलायचा. रडणारं मूल म्हणजे अर्धवट राहिलेलं काम, हे त्यांना त्यांच्या आधीच्या मोठ्या सिस्टरांनी शिकवलं होतं, आणि तेही अगदी मायेनं. दुष्टपणा कुणाच्याच मनात नव्हता. तीच तर खरी पंचाईत होती.

सगळ्यांत छान रुळली होती ती खिडकीजवळच्या खाटेवरची पोर. पाचेक वर्षांची असेल. बालगृहातून आलेली, मागेपुढे कुणी नाही. मांडीचं हाड मोडलेलं, म्हणून पाय वजन लावून टांगून ठेवलेला. आल्यापासून ती एकदाही रडली नव्हती. सगळ्या तिला 'शहाणी' म्हणायच्या आणि रडणाऱ्या मुलांना तिच्याकडे बोट दाखवून गप्प करायच्या. अडचण एवढीच होती की शहाणी जेवत नव्हती. घास भरवला की तोंडात धरून ठेवायची, आणि कुणाचं लक्ष नसताना उशीखाली काढून टाकायची.

"हाड धरत नाहीये," मोठे डॉक्टर एक दिवस म्हणाले. "पोटात काही गेलं तर धरेल ना! सिस्टर, ही पोर वाळत चाललीय. असंच चाललं तर हातची जाईल."

 त्या दिवसापासून तिला भरवायचं काम थोरल्या सिस्टरांनी स्वतःकडे घेतलं. गोडीनं, रागावून, गोष्ट सांगून, सगळं करून झालं. शहाणी त्यांच्याकडे भिंतीकडे बघावं तशी बघायची.

अशात नर्सेसमध्ये तापाची साथ शिरली. आज ही आडवी, उद्या ती. बघता बघता वॉर्डात थोरल्या सिस्टर, एक नवशिकी नर्स आणि पोछा मारणाऱ्या मावशी एवढ्याच उभ्या राहिल्या. मावशींना तर उभं राहूनच डुलकी लागत होती.

"वॉर्ड बंद करू," मोठे डॉक्टर म्हणाले. "मुलांना दुसऱ्या शहरातल्या इस्पितळात हलवू. गाड्यांचं मी बघतो."

"आणि शहाणी? टांगलेल्या पायानं ती गाडीत कशी जाणार?"

"तिला नाही नेता येणार," डॉक्टर म्हणाले आणि गाड्यांची यादी करायला बसले. 

ही बातमी फाटकाबाहेर पोचायला कितीसा वेळ लागणार! आत सोडत नाहीत हे माहीत असूनही चार-दोन आईबाप रोज फाटकाशी उभे असायचे. उगीच खिडक्यांकडे बघत राहायचे. त्या दिवशी तिथे चांगला घोळका जमला होता, आणि सगळ्यांच्या पुढे शहराची बस चालवणारी एक बाई होती. सात नंबरचा मुलगा तिचा. तिला सगळे ड्रायव्हरबाईच म्हणायचे. बसचा खडखडाट चिरून बोलायची सवय असल्यामुळे ती हळू बोलली तरी रस्त्यापलीकडे ऐकू जायचं. थोरल्या सिस्टर घोळका पांगवायला बाहेर आल्या तशी ती म्हणाली,

"सिस्टर, वॉर्ड बंद करू नका. आम्ही येतो आत."

"तुम्ही आत येऊन काय दिवे लावणार?"

"तुम्ही सांगाल ते. पोरांचं हगणंमुतणं घरी काय कुणाला विचारून काढतो होय आम्ही?" मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. ड्रायव्हरबाई हसली नाही. "औषधाला हात लावणार नाही. कोण कधी मोकळं ते आम्ही आपसात ठरवलंय. ज्यांची कामावरून सुटका नाही त्यांच्या पोरांचं दुसरे बघतील. फक्त दार उघडा."

थोरल्या सिस्टरांनी वळून खिडकीकडे पाहिलं. काचेआड तो टांगलेला बारीकसा पाय दिसत होता.

"नर्सेस उठेपर्यंतच हं," त्या म्हणाल्या. "एक दिवसही जास्त नाही."

दार उघडलं आणि नुसता कल्लोळ झाला. इतक्या मेहनतीनं रुळवलेली मुलं, एका शहाणीखेरीज एकूणएक, भोकाड पसरून रडायला लागली. सात नंबरनं तर कहर केला. रविवारी आई आली तरी खेळण्यात रमणारा हा आदर्श मुलगा! आई खाटेजवळ येताच त्यानं पाठ फिरवली. तिनं खांद्यावर हात ठेवला तसा गर्रकन वळला, तिला बुक्क्यांनी मारलं, आणि मारता मारता तिच्या युनिफॉर्मची कॉलर धरून असा हंबरडा फोडला की मावशींची झोप उडाली. "मार, मार राजा," ड्रायव्हरबाई म्हणत होती. "आणखी मार."

थोरल्या सिस्टर औषधांच्या खोलीत जाऊन दार लावून बसल्या. आयुष्यभराच्या कामावर बोळा फिरला होता. आईबापांना आत घेतलं की हेच होतं, आपण म्हणत नव्हतो? म्हणून तर नियम! त्यांनी कानांवर हात ठेवले.

दुपारी कधीतरी त्यांच्या लक्षात आलं की हात काढले तरी चालतंय. बाहेर आवाज होताच, पण तो रडण्याचा नव्हता. त्या दार उघडून उंबऱ्यावरच थांबल्या.

एक न्हावी आपल्या मुलाचे केस कापता कापता शेजारच्या तिघांचेही कापत होता, आणि तिघंही "आता माझे" म्हणून भांडत होते. एक गवंडी बाह्या वर सारून भांडी घासत होता. एका शिंपिणीच्या डाव्या मांडीवर तिचं स्वतःचं मूल होतं आणि उजवीवर भलत्याच कुणाचं तरी, ज्याची आई कामावरून संध्याकाळी यायची होती. कुणी हुकूम सोडत नव्हतं. एक उठला की दुसरा न सांगता त्याच्या जागी बसत होता. आणि मुलं! मुलं जेवत होती. आणखी मागत होती. एकानं दुसऱ्याचा चेंडू पळवला होता, तिसरा गाणं म्हणत होता, तेही बेसूर. थोरल्या सिस्टरांना या मुलांची तापमानं, जखमा, औषधं तोंडपाठ होती, पण ही मुलं त्यांनी आज पहिल्यांदाच पाहिली.  ती वॉर्डाची जुनी शांतता त्यांना आठवली, आणि ती कशाची होती ते आता कळलं.

पुढच्या दिवसांत जखमा भराभर भरू लागल्या. मोठे डॉक्टर दोनदोनदा तपासायचे आणि मान हलवत पुढे जायचे. फक्त शहाणी होती तशीच होती. ती सगळं बघायची. कुणाची आई आली, कुणाचा बाप गेला, कुणाला पापा मिळाला. बघायची आणि पापणीही हलवायची नाही.

सात नंबर बरा होऊन घरी गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रायव्हरबाई पुन्हा दारात हजर.

"अहो, तुमचा मुलगा गेला ना घरी?"

"माझा गेला. ही आहे ना," ती म्हणाली, आणि थेट शहाणीच्या खाटेवर जाऊन बसली. खाटेवर बसायचं नाही हा नियम थोरल्या सिस्टरांच्या ओठांवर आला होता. तो त्यांनी गिळला.

ड्रायव्हरबाईनं हातांनी स्टिअरिंग धरलं, नाकातून हॉर्न वाजवला आणि चमचा पुढे केला. "चला, चला, बस सुटली! पुढचा थांबा दूधभात! उतरायचंय का कुणाला?" शहाणी हसली नाही. पण गोंधळून का होईना, तिनं घास गिळला. ड्रायव्हरबाई रोज यायला लागली, ड्यूटीच्या आधी आणि ड्यूटी संपल्यावर. आणि ती एकटी नव्हती. न्हावी यायचा, शिंपीण यायची, ज्यांची मुलं कधीच घरी गेली होती अशी कितीतरी माणसं यायची. दिवसभर राबून थकलेली ही माणसं परक्या पोरांची नखं कापायला दारात उभी राहिली की थोरल्या सिस्टरांचा ऊर भरून यायचा. एवढी माणसं इतकी वर्षं आपल्याच फाटकाबाहेर उभी होती!

नर्सेस बऱ्या होऊन कामावर आल्या, आणि त्यांच्या पाठोपाठ पाहणीला आले इस्पितळाचे अध्यक्ष. म्हातारे, ताठ, मितभाषी. भेटीवर बंदीचा नियम त्यांनीच घातलेला. तोही काही लहरीखातर नव्हे. तेव्हा बाहेरून येणाऱ्यांबरोबर रोग येत होते आणि मुलं पटापट दगावत होती. नियमानं ती वाचली होती. नंतर औषधं आली, लसी आल्या, नियम मात्र राहून गेला.

अध्यक्ष रांगेतून फिरले. शहाणीच्या खाटेशी थांबून म्हणाले, "सिस्टर, तुम्ही वॉर्ड चालू ठेवलात. या मंडळींचेही आभार. पण आता घडी पुन्हा बसवायला हवी. उद्यापासून पहिल्यासारखं."

 जन्मात थोरल्या सिस्टरांनी वरच्यांना 'नाही' म्हटलं नव्हतं.

ड्रायव्हरबाईची बसची वेळ झाली होती. ती काही न बोलता उठली, शहाणीच्या गालावरून हात फिरवला आणि वळली. आणि मागून एक किंकाळी आली.

"जाऊ नको!"

शहाणीनं तिची बाही मुठीत धरली होती. टांगलेल्या पायासकट ती अख्खी उसळत होती, वजनं खडखडत होती, डोळ्यांतून, नाकातून धारा लागल्या होत्या. 

"बघितलंत?" अध्यक्ष हळहळून म्हणाले. "हीच ना तुमची ती कधी न रडणारी?"

थोरल्या सिस्टरांनी आधी पुढे होऊन तो पाय दोन्ही हातांनी सावरून धरला. त्यांचा चष्मा धुकटला होता.

"रडली, साहेब," त्या म्हणाल्या. "ती रडली! आल्यापासून पहिल्यांदा! अहो, कुणी जातंय म्हणून रडायला आधी कुणीतरी आपलं असावं लागतं. आली तेव्हा हिच्याजवळून उठून जाणारंच कुणी नव्हतं. आम्ही त्याला शहाणपण म्हणत होतो." मग एक श्वास घेऊन त्या म्हणाल्या, "उद्यापासून पहिल्यासारखं माझ्याच्यानं होणार नाही. तुम्ही दुसऱ्या कुणाला नेमा."

 ड्रायव्हरबाई वाकून शहाणीचे डोळे पुसत होती. "दोन फेऱ्या मारून येते गं. संध्याकाळी येतेच."

पण शहाणी तिच्याकडे बघत नव्हती. मघाचं बोलणं तिनं ऐकलं होतं. हुंदके देत ती त्या ताठ म्हाताऱ्याकडे बघत होती.

"तुम्ही हिला येऊ द्याल?"

अध्यक्षांनी थोरल्या सिस्टरांकडे पाहिलं. सिस्टरांनी पायावरची नजर वर केली नाही.

"देईन," ते म्हणाले.

"रोज?"

 म्हाताऱ्यानं वॉर्डभर नजर फिरवली. न्हाव्याचा कंगवा हवेत थांबला होता, शिंपिणीनं मांडीवरचं पोर घट्ट धरलं होतं, आणि सगळ्या खाटांवरची मुलं उठून बसून त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"रोज," तो म्हणाला. "सगळ्यांनाच."