गुळाप्पाच्या चपला

निपाणीच्या शाळेत मी पी.टी. शिकवायची. रिटायर झाले, पण आवाज काही रिटायर झाला नाही. मुलगा अभिजीत म्हणतो, "आई, हे अपार्टमेंट आहे, ग्राउंड नव्हे." त्याचं ऑफिस इलेक्ट्रॉनिक सिटीत आणि आम्ही राहतो येलहंक्यात, म्हणजे बेंगळुरूची दोन टोकं. सकाळी गेला की दिवेलागणीनंतरच उगवतो. मग दिवसभर मी ओरडू कुणावर? म्हणून मागच्या वर्षी इथल्या कुत्र्यांच्या शेल्टरमध्ये जायला लागले. कुत्री उलट उत्तरं देत नाहीत, एवढं तरी बरं.

शेल्टर डॉक्टर पवित्राचं. जनावरांची डॉक्टर, वयानं माझ्या लेकीएवढी आणि हट्टी. गाडीखाली आलेली, कुणी सोडून दिलेली कुत्री ती बरी करते आणि त्यांना घर शोधते. तिच्या हाताखाली मल्लाप्पा. तो चिकोडीकडचा, त्यामुळं आमचं दोघांचं बोलणं अर्धं मराठी, अर्धं कन्नड. कोरमंगल्यातून एक कुत्रा आला, गुळाच्या ढेपेच्या रंगाचा, मागचा पाय स्कूटरखाली सापडलेला. मल्लाप्पानं त्याचं नाव ठेवलं गुळाप्पा.

गुळाप्पाचा पाय जुळला, पण त्यात जोर काही आला नाही. त्याला पुन्हा रस्त्यावर सोडायची सोय नव्हती. घर मिळावं म्हणावं, तर हा पठ्ठ्या माणूस दिसलं की भिंतीकडं तोंड करून बसायचा. रविवारी लोक कुत्री बघायला यायचे. बाकीची शेपट्या हलवत जाळीला चिकटायची आणि हा आपला पाठमोरा, रुसलेल्या जावयासारखा. "मेल्या, निदान वळून तरी बघ!" मी ओरडायची. त्याचा कानसुद्धा हलायचा नाही.

त्यात जागेच्या मालकाला जागा परत हवी झाली. दसऱ्यानंतर शेल्टर दोड्डबळ्ळापूरच्या पलीकडं जाणार असं ठरलं. तिथं वेगवेगळे पिंजरे नव्हते, एकच मोठं आवार आणि सगळी कुत्री एकत्र. पवित्रा मला बाजूला घेऊन म्हणाली, "कस्तुरा अक्का, बाकीची निभावतील, हा नाही निभावणार. दुसऱ्यानं याच्या ताटात तोंड घातलं की हा मुकाट्यानं बाजूला होतो. तिथं उपाशी मरेल. त्याआधी याला घर मिळायला हवं." खोटं कशाला बोलू, त्या पाठमोऱ्या कुत्र्यावर माझा जीव जडला होता.

पवित्राचं म्हणणं असं, की कुत्र्याला नुसतं खायला घालून भागत नाही, त्याच्या डोक्यालाही काम लागतं. काम मिळालं की भीती कमी होते आणि भीती कमी झाली की लोकांना तो आवडतो. म्हणून आम्ही खेळ सुरू केले. खोक्यात, करवंटीत, गोणपाटाच्या घडीत खाऊ लपवायचा आणि कुत्र्यानं वासावर शोधून काढायचा. शिस्त माझ्याकडं. 'ये', 'थांब', 'बस'. 'बस' तर मी असं शिकवलं, की एकदा मल्लाप्पाच दचकून खाली बसला.

पण खोकी लगेच फाटायची. मी अपार्टमेंटच्या ग्रुपवर टाकलं, घरातलं जुनं, टिकाऊ सामान द्या. लोकांनी काय द्यावं? पोतंभर जुन्या चपला! मी म्हटलं, झकास. पट्ट्याखाली चपातीचा तुकडा खुपसला की झालं काम. मल्लाप्पालाही पटलं. आम्ही दिवसभर गमबूट घालून हिंडणारी माणसं, चप्पल ही घराच्या दारात असते हे आमच्या डोक्यातच आलं नाही. पवित्रा तेव्हा नव्या जागेच्या धावपळीत होती, नाहीतर तिनं तिथंच आमचे कान उपटले असते.

चपलेनं मात्र जादू केली. पहिल्यांदा गुळाप्पाचं नाक भिंतीकडून वळलं, मग तोंड, मग सगळा गुळाप्पा. चप्पल पायाखाली दाबून तुकडा काढायला गेला, तर मागचा पाय लटपटला आणि धपकन बसला. पुन्हा केलं, पुन्हा पडला. मग त्यानं काय करावं? चप्पल तोंडात धरून लंगडत माझ्याकडं आला, माझ्या पायापुढं ठेवली आणि वर बघत बसला. बाई, तू काढून दे. अहो, माझ्या डोळ्यांना धारच लागली. महिनोन्‌महिने पाठ फिरवून बसलेला जीव, आपणहून माणसाकडं आला होता.

तेव्हापासून तोच त्याचा रिवाज झाला. चप्पल शोधायची, जवळचं माणूस बघायचं, त्याच्यापुढं ठेवायची आणि बसायचं.

पुढच्याच रविवारी संहिता आली. येलहंक्याच्या जुन्या गावातली, पिढ्यान्‌पिढ्या इथंच राहिलेल्या मराठी घरातली सून. गुळाप्पानं तिच्यापुढं एक तुटकी स्लीपर ठेवली आणि तिच्याकडं बघत बसला. "अय्यो, किती शहाणा आहे हा!" ती म्हणाली. मी तुकडा काढून त्याला भरवला, पण त्यामागची भानगड काही तिला सांगितली नाही. एवढं चांगलं जमत आलेलं, त्यात कशाला? ती त्याला आधी काही दिवस ठेवून बघणार होती. जमलं तर त्यांचा, नाहीतर परत. तिचा नवरा प्रणीत राजी होता. सासरे, आप्पाजी, काहीच बोलले नाहीत म्हणे. सासूबाई, पद्मावतीबाई, गेल्यापासून ते कशावरच काही बोलत नव्हते. पूर्वी रोज संध्याकाळी तळ्यापर्यंत जाणारा माणूस, पण वर्ष झालं, उंबरा ओलांडला नव्हता. पडवीतल्या खुर्चीत बसून असायचे.

नवरात्रात गुळाप्पा त्यांच्याकडं गेला आणि दुसऱ्याच दुपारी संहिताचा फोन आला. आवाज रडवेला. "अक्का, आत्ताच्या आत्ता या. तुमचा कुत्रा घेऊन जा."

रिक्षात बसले. दसरा अगदी तोंडावर आलेला. हा आज परत आला, तर सरळ त्या आवारातच जाणार.

फाटकात पोचले आणि माझ्या कपाळात गेल्या. त्यांच्याकडं नवरात्रात बाहुल्या मांडतात आणि बायका त्या बघायला, हळदीकुंकवाला येतात. सासूबाई गेल्यावर यंदा पहिल्यांदाच मांडल्या होत्या. गल्लीतल्या सगळ्या बायका आल्या होत्या आणि सगळ्यांनी चपला काढल्या होत्या पडवीत. आता त्या चपला तुळशीत, कुंडीत, नळाखाली, जास्वंदीच्या झुडपात होत्या. रेशमी साड्या नेसलेल्या बायका अनवाणी, ओणव्या होऊन अंगणभर हिंडत होत्या. वेदिका नावाच्या एक बाई एकच मोत्यांची चप्पल छातीशी धरून पायरीवर बसल्या होत्या. "दुसरी कुठाय?" त्यांनी मलाच विचारलं. मला हसूही येत होतं आणि रडूही.

गुळाप्पा बिचारा प्रत्येक चप्पल आणून प्रत्येकीपुढं ठेवत होता. आणि जी ती "हाड, हाड!" करत होती. तुकडा तर एकीतही सापडत नव्हता. त्याची शेपटी पोटात गेलेली. अजून थोड्या वेळात हा पुन्हा भिंतीकडं तोंड करणार, हे मला दिसत होतं.

"अक्का, माफ करा," प्रणीत म्हणाला. "आम्हाला नाही झेपणार." संहिता डोळे पुसत होती. आप्पाजी गोंधळ ऐकून खुर्चीतून अर्धे उठले, तशी ती तेवढ्यात म्हणाली, "आप्पाजी, तुम्ही बसा. तुम्ही काही करू नका, बसा." ते बसले.

मी पिशवीतून पट्टा काढला. चूक त्याची नव्हतीच, आमची होती. "चल रे राजा," मी म्हटलं. पण पट्टा बघून तो सटकला आणि पडवीतल्या लाकडी फळीखाली घुसला. तिथून एक जुनी चामड्याची वहाण ओढून काढली. धुळीनं पांढरी पडलेली. सगळं अंगण त्याच्यावर ओरडत होतं, गप्प बसलेलं माणूस एकच होतं. तो लंगडत त्या खुर्चीपाशी गेला, वहाण आप्पाजींच्या पायापुढं ठेवली आणि बसला. मग परत गेला, दुसरीही आणली.

संहितानं तोंडावर हात ठेवला. "त्यांच्याच आहेत," ती पुटपुटली.

आप्पाजींनी वहाणांकडं बघितलं, मग गुळाप्पाकडं. "काय रे? चल म्हणतोस?"

माझ्या जिभेवर आलं होतं. अहो, चल कुठलं, त्याला चपातीचा तुकडा हवाय. आयुष्यभर दुसऱ्याची चूक तिथल्या तिथं सुधारायची माझी खोड. पण आप्पाजींनी वाकून हातानं धूळ झाडली, एका वहाणेत पाय घातला, मग दुसऱ्या. खुर्चीचे हात धरून उठले. मी दातांखाली जीभ धरली आणि गप्प राहिले.

"स्वल्प, जरा वळणापर्यंत जाऊन येतो," ते म्हणाले. कुणाला म्हणाले कोण जाणे. मी पट्टा गुळाप्पाच्या गळ्यात अडकवून दुसरं टोक त्यांच्या हातात दिलं. ते हळूहळू चालले, बाजूनं हा लंगडत. दोघांची चाल अगदी जुळत होती. वेदिकाबाई एका पायात चप्पल घालून उभ्या राहून बघत होत्या. प्रणीत फाटकापर्यंत गेला आणि बापाच्या पाठीकडं बघत तिथंच थांबला. ते परत आल्यावर कुत्रा नेण्याचं नाव कुणी काढलं नाही.

निघताना मी आप्पाजींना एवढंच म्हटलं, "त्यानं वहाणा आणल्या की त्याला चपातीचा तुकडा द्यायचा बरं का." ते "सरी, सरी", म्हणजे बरं बरं, म्हणाले.

दसरा झाला, शेल्टर हललं. दिवाळीच्या सुमारास मी आप्पाजींच्या घरी चौकशीला गेले. घर दिलेल्या कुत्र्याला जाऊन बघायचं, अशी आमची पद्धत आहे. आता चपला दाराआत उंच फळीवर ठेवलेल्या होत्या. खाली फक्त एकच जोड, तेल लावून चकचकीत केलेला. गुळाप्पानं शेपटी हलवली, माझा हात चाटला आणि परत जाऊन खुर्चीपाशी बसला. पाठ भिंतीला, तोंड आमच्याकडं.

आप्पाजींनी सदऱ्याच्या खिशातून चपातीचा तुकडा काढून त्याला दिला आणि माझ्याकडं बघून हसले. "बाई, तुम्हाला वाटतं मला कळलं नाही? पहिल्याच दिवशी कळलं. मी वहाणेत पाय घातला, तर हा लबाड वहाणेच्या आत डोकावून बघत होता. त्याला खायला हवं होतं."

मी चपापले. "मग उठलात कशाला?"

ते थोडा वेळ गुळाप्पाचं कपाळ खाजवत राहिले. "पद्मा गेल्यापासून सगळे मला बसा म्हणत होते. सून म्हणते बसा, मुलगा म्हणतो बसा, येणारा-जाणारा म्हणतो, आप्पाजी, बसा. सगळ्यांचं प्रेमच आहे, नाही कसं म्हणू? पण वर्षभरात माझ्यापुढं वहाणा आणून ठेवणारा हा एकटाच."

तेवढ्यात गुळाप्पा उठला, वहाणेपाशी गेला. आप्पाजी खुर्चीचे हात धरून उठायला लागले आणि सवयीनं माझ्या तोंडून निघालं, "सावकाश हो, बसा जरा..." मी अर्ध्यावरच थांबले.

"चला," मी म्हटलं, "मीही येते तळ्यापर्यंत."