माझ्यावर ठेवलेले कागदी ताट

दोन आठवड्यांपूर्वीच्या रविवारी दुपारी साडेबारा वाजता, पाहुण्यांच्या देखत, माझ्यावर एक कागदी ताट ठेवण्यात आले. भात, भाजी, काकडीचे काप, सगळे त्या कागदी ताटात वाढले गेले. मी खाली होते.

मित्रांनो, मी एक जुने स्टीलचे ताट आहे. हा प्रकार ज्यांना किरकोळ वाटतो, त्यांनी आधी माझी हकिगत ऐकावी.

पत्र्याच्या मोठ्या गुंडाळीतून मला गोल कापले, साच्यात दाबले, काठ वळवला आणि फिरत्या चाकावर घासून चकचकीत केले. पहिली अनेक वर्षे मी एका कारखान्याच्या कँटीनमध्ये काढली. तिथे माझे लाड झाले नाहीत. मला आपटले, रचले, उकळत्या पाण्यातून काढले. पण रोज वापरले. कारखाना बंद पडला तेव्हा कँटीन सांभाळणाऱ्या बाईंनी आम्हा ताटांचा सगळा संच मागून घेतला. त्यांचा भाचा इथल्या सभागृहाचा सचिव आहे. तो त्यांना आत्या म्हणतो, म्हणून सगळी वस्तीच आत्या म्हणते.

या सभागृहात गायनवर्ग भरतो, सायकल मंडळ जमते, ज्येष्ठांचा गट बसतो. प्रत्येकाचे महिन्याला एखादे जेवण असतेच. पूर्वी ते उरकले की मागच्या बाजूला कागदी ताटांचा ढीग लागायचा. ती ताटे नावाला कागदी. आतून प्लास्टिकचे अस्तर. वाऱ्याने ती नाल्यात जात, नाला तुंबे आणि घाण पाणी गल्लीत शिरे. आत्यांनी आमचा संच सभागृहाला देऊन टाकला, तिथल्या कपाटात आम्हाला लावले आणि सगळ्या गटांना सांगितले, "ताटं माझ्याकडून न्या. अट एकच. जो जेवला, त्याने आपलं ताट धुवायचं." अंगणात त्यांनी तीन टब मांडले: खरकट्याचा, साबणाचा आणि स्वच्छ पाण्याचा.

सायकल मंडळाचे अध्यक्ष कुरकुरले. "घरी कधी ताट उचललं नाही, आणि इथे धुवायचं?"

"इथे शिकून घ्या," आत्या म्हणाल्या. "घरी कळवणार नाही मी."

अध्यक्षांनी धुतले. काठाला साबण राहिला होता. आत्यांनी पुन्हा धुवायला लावले. हळूहळू टबांपाशीच गप्पा रंगू लागल्या. गायनवर्गातल्या बायका तर धुता धुता गात. मागचा ढीग नाहीसा झाला, नाला वाहू लागला. माझ्या आयुष्यातले ते सर्वांत चांगले दिवस.

मग नगरपालिकेने कचरामुक्त सभागृहासाठी मानचिन्ह जाहीर केले आणि आमचे ग्रह फिरले. पाहणीच्या रविवारी सचिवांनी टब गच्चीवर पाठवले. पाहुण्यांसमोर ओले अंगण बरे दिसत नाही, असे त्यांचे म्हणणे. आत्या आल्या तेव्हा पंगत बसली होती.

"बंड्या, हे काय?"

"खाली स्टील, वर कागद. फोटोत तुझ्याच ताटांचा काठ चमकतोय, आत्या. आणि धुवायला काही नाही."

"आणि तो कागद कुठे जाणार?"

"मागे."

"मागे म्हणजे नाल्यात."

"एक दिवस गं. लोकांसमोर नको ना."

माझ्यासमोर नगरपालिकेच्या पाहुण्या बसल्या होत्या. त्या कौतुकाने म्हणाल्या, "छान युक्ती आहे. ताटही खराब होत नाही."

मी खराब होत नाही. कँटीनची इतकी वर्षे ज्याने सोसली, ते स्टीलचे ताट भाताने खराब होणार होते. एका जेवणाला दोन ताटे लागली, आणि त्याबद्दल सभागृहाला मानचिन्ह मिळाले. ते आता दर्शनी भिंतीवर आहे. कागदांचा ढीग मागच्या भिंतीला टेकून आहे. तो पाहायला कोणी आले नाही.

युक्ती पसरायला वेळ लागला नाही. सायकल मंडळाच्या अध्यक्षांनी विचारले, "आत्या, आता कागदासकट देणार ना?" आत्यांनी साफ नकार दिला. त्यावर सभागृहाच्या समितीने ठरवले की आमचे कपाट रिकामे करून तिथे कागदी ताटांचे गठ्ठे ठेवावेत आणि आम्हाला भंगारात काढावे. आत्या सचिवांशी भांडल्या. शेवटी एवढीच सवलत मिळाली: बुधवारी सकाळपर्यंत एखाद्या गटाने धुण्याच्या अटीसह आम्हाला मागितले, तर कपाट आमचे. सायकल मंडळाने नाही म्हटले. ज्येष्ठांच्या गटाने गुडघ्यांचे कारण दिले. गायनवर्गाच्या बाई म्हणाल्या, "सगळ्यांना विचारून कळवते."

मित्रांनो, मला कुणाची दया नको. मला फोटोत मिरवू नका आणि माझ्या अंगावर कचरा वाढून त्याला पर्यावरण म्हणू नका. माझ्यात जेवा आणि मला धुवा. याहून मोठी काळजी ताटाला लागत नाही.

आज मंगळवार, संध्याकाळचे सहा वाजले आहेत. आम्ही क्रेटमध्ये, व्हरांड्यात आहोत. गायनवर्गाकडून अजून काही कळलेले नाही. भंगारवाल्याने मात्र उद्या सकाळी लवकर येतो, असा निरोप दिला आहे.