नाकवाल्या मिस्त्रींची वाट पाहणारा मास्क

मित्रांनो, मी बर्फाच्या कारखान्यातला एक जुना मास्क आहे. काळ्या रबराचा, दोन काचांचा, हनुवटीपाशी गाळणीचा गोल डबा असलेला. दिसायला अगदी बेडूक. हसलात तरी मी रागावणार नाही.

पाणी गोठवायला इथे नळ्यांतून अमोनिया वायू खेळवतात. तो सुटला की डोळ्यांतून धारा लागतात, घशाची आग होते. त्याला अडवण्यासाठीच माझा जन्म. पण यंत्रघरात आलो तो थेट खिळ्याला लटकलो.

कारण इथले मिस्त्री! गळती शोधायला ते नळीच्या जोडाजोडाला नाक लावत आणि अचूक बोट ठेवत. सारे त्यांना ‘नाकवाले’ म्हणत, आणि त्या नावाने मिस्त्रींची छाती फुगे. मास्क घातला तर वास कसा येणार? मी मात्र रोज सकाळी आस लावून बसे, की आज तरी त्यांचा श्वास माझ्यातून जाईल. वाट पाहून पाहून माझे पट्टे कडक झाले.

पुढे त्यांना खोकला लागला. जेवणाचा डबा घेऊन येणारी मुलगी कळवळून म्हणे, “बाबा, डॉक्टर काय म्हणाले? मास्क घालत जा ना!”

“अगं, या नाकावर तर आपलं घर चाललंय. दोन दिवसांचा खोकला, जाईल.”

त्या दोन दिवसांना तिसरे वर्ष लागले.

एका दुपारी व्हॉल्व्हला नाक लावून ते म्हणाले, “इथं काही नाही.” दारातल्या मुलीच्या डोळ्यांतून मात्र घळाघळा पाणी वाहत होते. वर्षानुवर्षे वायू ओढून ते नाक मेले होते, डोळ्यांची चुरचुर तर त्यांना रोजचीच झाली होती, आणि त्यांना पत्ताच नव्हता.

“बाबा, मागे व्हा!” तिने मला ओढून काढले, त्यांच्या चेहऱ्यावर दाबले आणि त्यांना धरून बाहेर नेले. अखेर त्यांचा श्वास माझ्यात आला. केवढा तोकडा, केवढा घरघरता! माझ्या गाळणीची मुदतही केव्हाच टळली होती. ज्याच्यासाठी मी झुरलो, ते सुख मिळाले तेव्हा आम्ही दोघेही निकामी झालो होतो.

मिस्त्री वाचले, पण पुन्हा कामावर आले नाहीत. दार वाजले की अजूनही मला वाटते, तेच असतील.

मित्रांनो, तुमच्या घरातले कुणी अशा वायूत काम करत असेल, तर आज त्यांना एवढेच विचारा, “तुमचा मास्क भिंतीवर असतो की तोंडावर?” आणि उत्तर मिळेपर्यंत त्यांचा हात सोडू नका.