भावाचा बूट, बहिणीचा गुडघा

मित्रांनो, मी एक जुना फुटबॉलचा बूट आहे, डाव्या पायाचा. थौबाल गावातल्या एका घरात खिळ्याला टांगलेला असतो.

पुरुषाच्या पायाच्या साच्यावर मला घडवले. तळाला मातीत घट्ट रुतणाऱ्या खुंट्या बसवल्या. घरचा थोरला मुलगा नाओबा मला कपाळाला लावूनच मैदानात उतरे. गावाने माझ्यावरही फुले उधळली. पुढे तो पोलिसात गेला आणि मी त्याच्या बहिणीकडे, मेमथोईकडे आलो. तिच्या पायाला मी मोठा, म्हणून आईने पुढच्या पोकळीत आपल्या जुन्या नेसूची, फनेकची चिंधी कोंबली.

"ओजा, वळताना गुडघा आत जातो," मेमथोई प्रशिक्षकांना म्हणाली.

"नाओबा कधी कुरकुरला नाही! भावाच्या बुटात पाय घातलास ना, मग नखरे कसले?"

संघातल्या सगळ्या हसल्या. तीही हसली.

मग तो सामना. धावता धावता ती वळली. मी रुतलोच. पाय माझ्यात राहिला, ती फिरली. तिच्या गुडघ्यात काहीतरी तटकन तुटले.

"ऊठ, कुणी धक्का तरी लावलाय का तुला?" ओजा ओरडले.

इस्पितळात मी पिशवीत होतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गुडघ्यातला हा बंध मुलींचा मुलांपेक्षा कितीतरी जास्त तुटतो, तोही कुणी न धडकता. उडी मारून कसं उतरायचं, कसं वळायचं, हे मुलींकडून वेगळं घोटून घ्यावं लागतं. कुणी शिकवलं नाही?"

मेमथोईने माझी बाहेर आलेली नाडी पिशवीत खुपसली.

तेव्हापासून वारा नसतानाही मी खिळ्यावर हलतो. भर दुपारी घर रिकामे असते आणि माझ्यात एक पाय असतो. वळू पाहतो, वळू शकत नाही. देवाने मला सारे सोसायला चामडे दिले, बोलती जीभ मात्र दिली नाही.

आज मेमथोई व्यायामासाठी इस्पितळात गेली आहे. तिच्या धाकट्या बहिणीची, लिंथोईची आज संघासाठी निवड चाचणी आहे.

"इमा, इचेचे बूट घेऊ?" तिने थोरल्या बहिणीच्या बुटांबद्दल आईला विचारले.

"घे गं. तुझ्या तामोचे, नाओबाचे ते, शुभ आहेत. इचेचं नशीबच फुटकं, त्याला बूट काय करणार!"

मित्रांनो, नशीब नव्हते ते. मुलगी दुखतंय म्हणाली, तर तिचे ऐका. तिच्या पायाचा बूट तिला द्या. तिच्या गुडघ्याला आधी तयार करा, मग पळवा. हे कुणीतरी ओजांना जाऊन सांगा.

लवकर सांगा. लिंथोईने नाडी आवळली आहे.