धोंड्याखालची मापाची दोरी

मी मापाची दोरी बोलतेय. आवाज दबका वाटेल. अंगावर धोंडा आहे.

तातेरावांनी मला अंबाडीच्या वाखापासून वळलं. ते नांदेडकडचे. अंबरपेठेत राहायचे आणि हैदराबादबाहेरच्या खाणीत सुरुंग लावायचे. माझ्या अंगावर दर चार हातांवर गाठ होती. मला खडकावर ताणायचं, प्रत्येक गाठीशी भोक पाडायचं, दारू ठासायची. अंतर नेमकं असलं की मधला खडक बेताचा फुटतो. भोकं लांब पडली की तो नुसता तडकतो, मोठाले धोंडे निघतात. मग घण घालायचे, आणि खडी फोडणाऱ्या बायकांचे हात सोलायचे. त्या बायकांत तातेरावांच्या केसरबाईही होत्या.

वर्षानुवर्षं ताण सोसून मी लांबले. गाठी तेवढ्याच, मधलं अंतर वाढलेलं. मला कळत होतं, पण सांगणार कसं?

छप्पन साल होतं. राज्यांची नवी मांडणी झाली, तातेरावांचं गाव मुंबई राज्यात गेलं. भाऊबंद परतले, हे राहिले. मुकादम टोचायचा, “क्या तातेराव, पत्थर निकाल रहे कि हत्ती? दिल नांदेडको पहुंच गया दिखता. कल बी ऐसाच हुआ तो तुम बी चले जाओ.”

त्या संध्याकाळी केसरबाईंनी माझ्या दोन गाठींमधलं अंतर कोपरापासून बोटापर्यंत हात लावत मोजलं.

“अहो, ही साडेचार भरतेय.”

“तुझा हात लहान.”

“मग तुमच्या हातानं मोजा की.”

“माप कुणी मोजतं का? हिच्यावर भाकर खाल्ली आपण.”

दुसऱ्या दिवशी सुरुंग उडाला. धूर ओसरला आणि तातेराव एकटेच पुढे आले. कातळावर भोकांच्या अर्ध्या खुणा उभ्या होत्या. एका खुणेला त्यांनी कोपर टेकलं. चार हात झाले, तरी दुसरी खूण आली नाही. मी त्यांच्या हातातून गळाले.

“मागं सरका!” केसरबाई ओरडल्या. ते उडी मारून वाचले. वरचा तडकलेला धोंडा माझ्यावर आला.

मुकादम धावत आला. तातेराव म्हणाले, “दोरीची चूक नाही. बायकोनं सांगितलं होतं, मी मोजलं नाही.”

मुकादम म्हणाला, “एक मौका. अब बाई बोली तो सुनो.”

केसरबाईंनी तातेरावांच्या हाताच्या मापानं बांबू कापून आणला. पुढचा सुरुंग उडाला तेव्हा मी इथून घणांची वाट बघत होते. घण वाजलेच नाहीत. बायकांच्या हातोड्यांचा बारीक आवाज तेवढा आला.

आता खाण बुजली, वर घरं झाली. मला कुणी काढणार नाही. तुमच्या घरात एखादं जुनं माप असेल, तर अधूनमधून त्याला हात लावून बघा. त्याला बोलता येत नाही.